एकतीस हरकती, एक आई

अर्जदार: मी.

आमच्या भागात अर्ज म्हटलं की लोक माझ्याकडे येतात. नळाची तक्रार असो की नातवाचा शाळाप्रवेश, माझा अर्ज वाचताना साहेब खुर्चीतून उठून उभा राहतो, असं मी स्वतः अनेकांना सांगितलं आहे. त्यामुळे शहराला वीज नेणारी मोठी तार आमच्या एकतीस जणांच्या जमिनींवरून जाणार अशी नोटीस आली, तेव्हा मी म्हटलं, "घाबरू नका. ती तार माझ्या अर्जाला अडखळून पडेल."

बाधित मालमत्ता: लिंबाची चौदा झाडं.

आईने लावलेली, आईनेच वाढवलेली. तारेखाली झाड चालत नाही, म्हणजे चौदाही तुटणार. आईने नोटीस ऐकली. त्या दिवशी तिने झाडांना दोनदा पाणी घातलं.

हरकतीचं कारण: 'माझी वृद्ध आई अंथरुणाला खिळलेली असून तारेच्या घरघरीने तिच्या जिवाला धोका आहे.'

हे लिहिलं तेव्हा आई शिडीवर होती.

"सासूबाईंना विचारलंत का?" बायको म्हणाली.

"अर्जात आई लागते. तिची परवानगी लागत नाही."

मग मी प्रती काढून घरोघर वाटल्या आणि बजावलं, "हा नमुना. फक्त नाव आपापलं घाला. बाकी शब्द इकडचा तिकडे झाला की अर्ज परत येतो." माझं इतकं कधीच कोणी ऐकलं नव्हतं. एकतीस अर्ज गेले. एकतीस घरांत आई अंथरुणाला खिळली.

पुरावा: (कार्यालय स्वतः येऊन पाहील.)

आठवड्याने निरोप आला. सर्व्हेयर बाई उद्या सकाळी रुग्णांना प्रत्यक्ष भेटणार. गिरणीवाले काका धापा टाकत आले.

"अरे, माझी आई जाऊन वीस वर्षं झाली."

"मग लिहिलंत कशाला?"

"तूच म्हणालास ना, बदलू नका!"

नर्सरीवाल्या ताईंची आई होती, पण ती दुसऱ्या गावात मुलांना पोहायला शिकवायची. बाकीच्यांचीही हीच तऱ्हा. दाखवण्याजोगी आई एकच होती, आणि टेम्पोही एकच होता. दोन्हींची सांगड मी घातली.

"एक दिवस नुसतं पडून राहायचं," मी आईला म्हटलं.

"कोणाकडे?"

"सगळ्यांकडे."

आई म्हणाली, "झाडं वाचणार असतील तर पडते. पण टेम्पो हळू चालवायला सांग."

तपासणी:

पहिलं घर आमचं. आई गोधडीत, डोळे मिटलेले. सर्व्हेयर बाईंनी लिहून घेतलं. त्या पुढच्या दाराने जीपकडे गेल्या, आई मागच्या दाराने टेम्पोत.

दुसरं घर ताईंचं. आई भिंतीकडे तोंड करून, ताईंची शाल पांघरून. बाई दोन मिनिटं थांबल्या. "यांच्याही पायात तसाच चांदीचा वाळा आहे," एवढंच म्हणाल्या.

तिसरं घर गिरणीवाल्यांचं. जागा नव्हती म्हणून आईला पिठाच्या पोत्यांवर निजवलं. ती इतकी पांढरी झाली की काकांना स्वतःच्या आईच्या आठवणीने खरंच रडू आलं.

बाईंनी वही मिटली. "आजी, आता पुढचं घर कोणतं?"

"मला काय माहीत," आई डोळे न उघडता म्हणाली. "टेम्पोवाल्याला विचारा."

मी घसा साफ केला. "त्याचं काय आहे बाई..."

"लिंबाची जमीन कोणाच्या नावावर आहे?"

"आईच्या."

"मग यांची हरकत कुठे आहे?"

एकतीस अर्जांत ती नव्हती. बाईंनी कोरा अर्ज काढला. आई पीठ झटकत उठून बसली, चष्मा मागवला आणि स्वतःच्या हाताने लिहू लागली. मी मजकूर सांगायला पुढे झालो, तर म्हणाली, "तू तिकडे बस."

अर्जदार: मी, वय एक्याऐंशी. अंथरूण अजून धरलेलं नाही.

कारण: झाडं माझी आहेत. तोडलीत तर अंथरूण धरीन.

पर्यायी मार्ग: माझ्याच जमिनीच्या रस्त्याकडच्या टोकाला माझ्या मुलाने पत्र्याची खोली बांधली आहे. तो तिथे अर्ज लिहितो. तिथून न्या. तिथे काही उगवत नाही.

बाईंनी नकाशा उलगडला आणि त्या हसू लागल्या. "आजी, आमचा मूळ मार्ग रस्त्याकडेनेच होता. कोणाच्याच शेतातून नव्हता. पण त्या खोलीवर 'कार्यालय' अशी पाटी होती. आम्हाला वाटलं, सरकारी असेल. म्हणून तार आत वळवली."

एकतीस घरांतली जेवढी माणसं गिरणीत जमली होती, तेवढी सगळी माझ्याकडे वळली.

"अरे," काका शेवटी म्हणाले, "खोली काय, दुसरीकडे बांधता येते."

"कुठे?"

"आमच्याकडे नको."

आईच्या अर्जाला साक्षीदार हवा होता. मी सही करण्याआधी तो दोनदा वाचला. एकही चूक सापडली नाही.