सोमवारी काढून राहिले

शालिकराम शहारेचा डावा पाय अडीच महिन्यांपासून घरातला सगळ्यात मानाचा माणूस होऊन बसला होता. घरापुढच्या सपरीत खाट, खाटेवर दोन उशा आणि उशांवर पाय. मांडीत दोन आणि नडगीत तीन अशा पाच सळया मांसातून बाहेर आलेल्या, आणि त्यांना बाहेरून जोडणारी एक लांब दांडी. ऊन सरकलं की आधी पायाची सोय बघायची, मग शालिकरामची. एखादी कोंबडी खाटेजवळ फिरकली तरी त्याची बायको अल्का खराटा घेऊन धावायची.

शालिकराम कामठ्यात नळाचं पाणी सोडायचा, त्यामुळे गावात त्याला न ओळखणारं कोणी नव्हतं. नोव्हेंबरच्या अखेरीस गोंदियाहून परत येताना रस्त्यावर वाळत घातलेल्या धानावरून त्याची मोटारसायकल घसरली आणि गुडघ्याखालचं हाड तुटून बाहेर आलं. धान कोणाचा, हे कोणीच कबूल केलं नाही. लोकांनी त्याला उचलून गाडीत घालेपर्यंत रस्ता असा लख्ख झाडला गेला होता, की पंचनाम्याला आलेल्या जमादारानं विचारलं, "माणूस घसरला तं कायच्यावर?"

पहिलं ऑपरेशन झालं, मग जखम चिघळली. डॉक्टर म्हणाले, जखम सुकली की बाहेरच्या सळया काढू आणि आत रॉड टाकू, तारीख फोनवर सांगू. फोनची वाट बघण्यात हिवाळा सरत आला. मे महिन्यात मुलीचं, रश्मीचं लग्न होतं. मांडवात आपल्या पायावर उभं राहायचं, एवढंच शालिकराम मागत होता. आणखीही एक मागणं होतं, पण ते तो कोणाजवळ बोलत नसे.

फोन आला तो नेमका मंगळवारी सकाळी, अल्का बोरिंगवर पाणी भरत असताना. एका हातात पाण्याचा गुंड, दुसऱ्या हातात मोबाइल. बोलणं संपलं तशी शेजारची अंजू पुढे सरकली.

"कोनाचा फोन होता वो काकू?"

"दवाखान्याचा. सोमवारी काढून राहिले म्हनते."

"काय काढून राहिले?"

"पायाचं वो! दुसरं काय?" अल्काच्या मागे चार जणी खोळंबल्या होत्या. "एकदाचं काढलं का मोकळं. पाहून पाहून जीव कंटाळला माहा."

अंजूचा हात तोंडावर गेला. अल्का गुंड डोक्यावर घेऊन निघून गेली, आणि तिच्यामागे तिचं वाक्य गावात शिरलं. पहिल्या दोन घरांत ते जसंच्या तसं होतं. तिसऱ्या घरी 'पायाचं' या शब्दाची शेपटी तुटली. दुपारपर्यंत कामठ्यात सगळ्यांना पक्कं ठाऊक झालं, की सोमवारी शालिकरामचा पाय काढणार.

संध्याकाळपासून माणसं यायला लागली. येणाऱ्याच्या हातात केळी आणि चेहऱ्यावर अंत्ययात्रेची कळा. शालिकरामला वाटलं, तारीख मिळाल्याचं कळलं म्हणून आले असतील. पण कोणी आनंदाचं एक अक्षर बोलेना. ज्याला त्याला फक्त डाव्या पायाचं दर्शन घ्यायचं होतं. खेमराज तर पायाशेजारीच बसला. हा त्याचा जुना दोस्त, ग्रामपंचायतीत कारकून. तोंडावर ताबा ठेवायची सवय त्याला कधीच नव्हती.

"शालिक, एक विचारू का? गुडघ्याच्या वरून का खालून?"

शालिकरामनं सळया मोजून दाखवल्या. "वरून दोन, खालून तीन."

खेमराजचा चेहरा उतरला. "पाच?"

"पाच. सोमवारी सकाळीच, उपाशी पोटी."

"एकाच वेळी?"

"मंग का हप्त्या-हप्त्यानं काढतीन? माह्यात काई दम नाही का?"

खेमराज उठला. हातातलं केळं त्यानं स्वतःच सोलून खाल्लं आणि साल खिशात घालून तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी इंद्रकुमार गुरुजी आले. शाळेतून निवृत्त झालेले, बुद्धविहारात वंदना घेणारे, फार हळव्या मनाचे. बराच वेळ ते चहाच्या कपात बघत बसले. मग खाकरून त्यांनी विचारलं, "शालिकराम, काढल्यावर मंग... दवाखान्यातच ठेवतेत का?"

"मांगितलं तं देतेत म्हने. आपलीच वस्तू आहे ना गुरुजी. म्या अल्काले सांगतलं, घरी घेऊन चालू."

"घरी?"

"अंगनात गाडून देईन तिकडं, कोपऱ्यात. वालाचा वेल चढवाले कामी येईल."

गुरुजींनी अंगणाच्या कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे वालाला शेंगा लटकल्या होत्या. चहा तसाच ठेवून त्यांनी 'जय भीम' केला आणि घरी जाऊन बायकोला सांगितलं, की दुःखानं बिचाऱ्याचं डोकं ठिकाणावर राहिलेलं नाही.

गुरुवारी खेमराज पुन्हा आला. या वेळी त्याच्या काखेत फाइल होती.

"अपंगाच्या दाखल्याचा फारम आनला," तो म्हणाला. "तू सही करून ठेव. सोमवारी पाय गेला का मंगळवारी मी फारम आत सरकवतो."

"कोनाचा पाय गेला?"

"तुहा."

"कुठं गेला?"

खेमराजनं सगळं सांगितलं. अंजूनं काय ऐकलं, गाव काय बोलून राहिलं, गुरुजींची बायको कशी रडली. शालिकराम आधी घाबरला, मग त्याला हसू फुटलं, आणि हसता हसता सळया हलून डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी पाहून खेमराज घाईघाईनं म्हणाला, "रडू नको गा. मी उद्या येतो," आणि फाइल खाटेवर टाकून निघून गेला. खरं काय ते सांगायला शालिकरामनं तोंड उघडलं होतं. पण फाटकापर्यंत पोचलेला खेमराज कोणाला तरी वाट द्यायला बाजूला झाला, आणि शालिकरामचं तोंड तसंच उघडं राहिलं.

फाटकात सुखराम उभा होता.

सुखराम म्हणजे शालिकरामचा धाकटा भाऊ, एकुलता एक. घर त्याच गावात, बोडीच्या म्हणजे छोट्या तळ्याच्या पलीकडे. पण सहा वर्षांत तो या अंगणात आला नव्हता. मोठ्या मुलाच्या, अतुलच्या लग्नाच्या पत्रिकेत शालिकरामनं सख्ख्या भावाचं नाव अतुलच्या तीन मामांच्या खाली छापलं होतं, शेवटून पहिलं. सुखरामनं ती पत्रिका घडी करून दादाच्या दाराच्या कडीत अडकवली आणि लग्नाला न येता शेतावर जाऊन बसला. शालिकराम सगळ्यांना सांगायचा, छापखान्याची चूक. यादी मात्र त्याच्याच अक्षरात होती, आणि ती लिहिली तेव्हा अल्का शेजारी बसली होती.

अपघात झाला तेव्हाही सुखराम आला नाही. शालिकराम मात्र अडीच महिने फाटकाकडे तोंड करूनच झोपत होता. न बोललेलं मागणं ते हेच.

सुखराम खाटेजवळ आला. पायाकडे त्यानं एकदाच पाहिलं आणि मान वळवली.

"दादा," तो म्हणाला, "आंघोळ झाली का?"

"नाही."

"वयनी, पानी तपवा."

त्यानं मोठ्या भावाला उचलून खुर्चीवर बसवलं, पायाला प्लास्टिक गुंडाळलं आणि लहान लेकराला घालावी तशी आंघोळ घातली. अल्का टॉवेल घेऊन उभी होती. ती काही बोलणार, तेवढ्यात शालिकरामनं साबणाच्या फेसातूनच तिच्याकडे डोळे वटारले.

सुखराम गेल्यावर ती भडकली. "काऊन सांगू दिलं नाही? सळाखा काढून राहिले, एवढंच तं सांगाचं होतं!"

"आन् मंग तो उद्या येईल का?"

यादी लिहिताना तिच्या भावांची नावं वर कोणी घ्यायला लावली, हे तिलाही आठवत होतं. ती आत गेली आणि संध्याकाळच्या भाजीत तिनं मीठ दोनदा घातलं.

तेव्हापासून घरात एक खोटं राहायला आलं आणि त्याची बडदास्त सगळ्यांना ठेवावी लागली. सुखराम रोज सकाळी यायचा. उकळलेल्या पाण्यात कापूस बुडवून एकेका सळीची मुळं पुसायचा, दादाची दाढी करायचा, आणि तासभर पायाशी बसून राहायचा. गावाला तर उधाण आलं. ग्रामपंचायतीनं चाकाची खुर्ची पाठवली. त्याच्या जागी पाणी सोडणाऱ्या पोरांनी नळावर पाटी लावली, की सोमवारी पाणी उशिरा सुटेल. रश्मी शनिवारी रडकुंडीला आली.

"बाबा, लोकं खरोखरचे रडून राहिले. मले तं रस्त्यानं जावाची लाज वाटते."

"दोन दिवस रडू दे ना. अडीच महिने कोन रडलं?"

तो हे म्हणाला खरा, पण रात्रभर त्याला झोप नव्हती. भाऊ आला होता तो कापल्या जाणाऱ्या पायासाठी. सोमवारी पाय जागेवरच राहिला की फसवल्याचा राग येऊन तो पुन्हा बोडीच्या पलीकडे जाईल, आणि या वेळी कायमचा जाईल. मांडवात दोन पायांवर उभं राहायचं आणि बाजूला भाऊ नाही, याचा विचारही शालिकरामला सहन होईना.

रविवारी संध्याकाळी गुरुजींनी घरीच वंदना ठेवली. सपरी भरली, अंगण भरलं. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींसमोर मेणबत्त्या लागल्या. गुरुजी शरीराच्या अनित्यतेवर बोलले. बोलताना त्यांची नजर अंगणातल्या वालाच्या वेलावर गेली आणि त्यांचा आवाज फुटला. खेमराज मोठ्यानं रडला. मग सगळ्यांनी पंचशील म्हणायला घेतलं. शालिकरामनं खाटेवरच हात जोडले आणि सुखराम त्याच्या उशाशी बसला. पहिलं शील झालं, दुसरं झालं, तिसरं झालं.

चौथं आलं, खोटं न बोलण्याचं. चाळीस वर्षं घडाघडा म्हटलेलं ते शील शालिकरामच्या घशात अडकलं. तो खोकला. आणि त्याच क्षणी उशाशी बसलेला सुखरामही खोकला. दोघांचा खोकला थांबेपर्यंत गाव पाचव्या शीलावर पोचलं होतं.

माणसं पांगली. अल्का आणि रश्मी आत चुलीपाशी गेल्या. मेणबत्त्या अजून जळत होत्या.

"सुख्या," शालिकराम म्हणाला. लहानपणानंतर पहिल्यांदाच त्यानं ही हाक मारली होती. "मी तुह्यासंग लबाडी करून राहिलो. पाय नाही काढून राहिले. सळाखा काढून राहिले, आत रॉड टाकतीन. पाय राहते."

सुखराम मेणबत्तीकडे बघत होता.

"मले मालूम आहे."

"कवापासून?"

"बुधवारपासून. गावात आयकलं तं गोंदियाले गेलो, डाक्टरलेच विचारलं. डाक्टर म्हने, पाय ठनठनीत होईल."

"मंग गुरुवारी कायले आला?"

"सळाखा काढाले कोनी येते का भेटाले?" सुखराम म्हणाला. "सहा वर्षांनं यावाचं तं पायाएवढं मोठं कारन पाहिजे ना गा. आयतंच भेटलं. हे बी गेलं असतं तं मी कवा आलो असतो?"

सुखरामनं खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तोंड पुसलं आणि तसंच झाकून ठेवलं.

"आनखी एक आहे दादा. रस्त्यावरचा धान माहा होता."

"मले मालूम आहे."

दुपट्टा खाली आला.

"पडल्या पडल्या ताडपत्री दिसली," शालिकराम म्हणाला. "बाबाची जुनी ताडपत्री. कोपऱ्याले हिरवं थिगळ, म्याच शिवलं होतं. मी बेसुद पडेपर्यंत थिगळच पाहून राहिलो होतो."

"जमादाराले काऊन नाही सांगतलं?"

"काय सांगू? भावाच्या धानावर पडलो म्हनून? तू आला नाही, तवा समजलं मले. तू रागानं नव्हता घरी बसला. भेवानं बसला होता."

सुखराम मग रडला. पायाला धक्का लागू नये म्हणून खाटेची पाटी धरून, चांगला मोकळा होऊन रडला. शालिकराम त्याच्या डोक्यावर हात ठेवून पडून राहिला. आत अल्कानं भाजी ढवळायची थांबवली होती.

शेवटी शालिकराम म्हणाला, "उद्या गावाले काय सांगाचं? मी पाय घेऊन परत आलो तं खेमराज मारन मले. फारम भरून बसला आहे तो."

"सांगू, का डाक्टरनं वाचवला. गाव खुश होईल. गुरुजीले बी वालाच्या शेंगा गोड लागतीन."

दोघंही हसले. सळया हलल्या, दुखलं, तरी शालिकराम हसत राहिला. मग तो गंभीर झाला. इतके दिवस मनात घोळवलेलं वाक्य त्यानं एकदाचं बोलून टाकलं.

"सुख्या, रश्मीच्या पत्रिका छापाच्या आहेत. तुहं नाव टाकतो मी."

सुखरामनं डोळे पुसले. दादाच्या मांडीतल्या दोन सळया पाहिल्या, नडगीतल्या तीन पाहिल्या, आणि अगदी शांतपणे विचारलं,

"वरून का खालून?"