फुगीर बाजू बाहेर

"या वर्षी हिचा उघड्या डोळ्यांचा फोटो भिंतीवर लागणार म्हणजे लागणार!" नंबरकाकांनी काकूंकडे बोट दाखवून अख्ख्या सासुरवाडीसमोर जाहीर करून टाकलं.

नंबरकाका म्हणजे कोपऱ्यावरचे चष्मेवाले. तीस वर्षं त्यांनी सगळ्या वस्तीचे नंबर काढले, म्हणून हे नाव. माणसाचं नाव ते विसरत, नंबर कधीच नाही! काकूंशी ओळख झाली तीही दुकानातच. त्या चष्म्याची तुटलेली दांडी जोडून घ्यायला आल्या होत्या. काकांनी काही गरज नसताना पट्टी काढून त्यांच्या डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर मोजलं. एकसष्ट मिलिमीटर! दहा सेकंदांचं काम, काकांनी अर्धा तास घेतला.

पण त्या डोळ्यांचा एकही फोटो नव्हता. फ्लॅश उडाला की काकूंच्या पापण्या खाली! लग्नाच्या अल्बममध्ये काका पानोपानी हसतायत आणि शेजारी नवरी गाढ झोपलेली. ओळखपत्राचा अर्ज तीनदा परत आला होता. हल्ली कुणी कॅमेरा काढला की काकू सरळ आतल्या खोलीत निघून जात. "उद्या नातवंडांना वाटेल, आजी जन्मभर झोपूनच होती," असं त्या हसत म्हणत, पण काकांच्या ते फार मनाला लागलं होतं. आणि लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला आठच दिवस उरले होते.

मेहुण्याने नवा कॅमेरा घेतला आणि आपला पंधरा वर्षं वापरलेला कॅमेरा काकांच्या गळ्यात घातला. तोही बिनलेन्सचा!

"भावोजी, बॉडी जुनी असली तरी चालते," मेहुणा म्हणाला. "लेन्स मात्र मोठ्या तोंडाची बघा, भरपूर उजेड आत घेणारी. मग फ्लॅशच नको, आणि ताईची पापणीही पडायला नको."

"तू मला लेन्स शिकवतोस?" काका गरजले. "माझी हयात काचेत गेली!"

नवी लेन्स काही परवडणारी नव्हती. म्हणून काका जुन्या लेन्स विकणाऱ्या फोटोमास्तरांकडे गेले. मास्तरांनी स्टुडिओ बंद केल्यापासून एका खोलीत काचेचं कपाट मांडलं होतं. माणूस इतका प्रामाणिक, की प्रत्येक लेन्सखाली तिच्या खोडीची चिठ्ठी! 'झूम. जड. मान दुखेल.' 'दोनदा पडली, दोन्हीदा गादीवर.' 'पन्नास मिलिमीटरची, प्लास्टिकची. कुरकुर करते, पण काम करते.' आणि सगळ्यात खालच्या फळीवर, 'पन्नासची, जुनी, मोठं तोंड. काच सुंदर. आत बुरशी.'

काकांनी ती शेवटची उचलून खिडकीसमोर धरली. काचेत जांभळट उजेड हळूच हलला. त्या उजेडात काकांना काकू दिसल्या, खिडकीत बसलेल्या, केस जरासे विस्कटलेले, आणि डोळे टक्क उघडे! दुपार, कपाट, मास्तर, सगळं लांब कुठेतरी गेलं.

"प्लास्टिकची घ्या हो," मास्तर सांगत होते. "स्वस्त आहे, बिनघोर आहे, तुमच्या बॉडीला नीट बसेल. फक्त—"

"हीच!" काका म्हणाले. "बुरशी काय, मी पुसून काढीन."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी काकांनी बारीक पेचकसांनी लेन्स खोलली. तीन काचा काढून मऊ कापडाने अशा पुसल्या, की बुरशीचा मागमूस राहिला नाही! मग परत बसवताना ते एकदम थबकले. मधली काच चक्क उलटी होती. फुगीर बाजू आत! आता चष्म्यात फुगीर बाजू कायम बाहेर असते, डोळ्याकडे कधीच नाही. तीस वर्षं हा हात हेच करत आला होता.

"एवढा मोठा कारखाना, आणि एक चष्मेवाला ठेवता आला नाही यांना!" काका हळहळले, आणि कारखान्याची चूक दुरुस्त करून त्यांनी वरची कडी घट्ट आवळली.

कॅमेऱ्याला डोळा लावला. समोरचा अक्षरांचा तक्ता मध्ये जेमतेम दिसत होता आणि कडांना दुधात भिजवल्यासारखा झाला होता. रिंग फिरवून फिरवून बोटं दुखली, पण दूध काही हटेना. लेन्स तर त्यांनी स्वतः दुरुस्त केलेली! मग उरलं काय? आपलेच डोळे गेले!

ज्यातून दिसत नाही त्यातूनच तपासायला हवं, असा विचार करून त्यांनी कॅमेऱ्यातून तक्ता वाचत स्वतःचा नंबर काढला. उणे दीड! संध्याकाळपर्यंत नवा चष्मा तयार. तो लावून त्यांनी काउंटरवरच्या चष्मे अडकवलेल्या पुतळ्याला "या, बसा, किती दिवसांनी!" म्हटलं आणि तो बोलेना म्हणून त्याच्यावर रागावलेही.

तेवढ्यात मेहुणा आला. त्याने कॅमेऱ्यातून पाहिलं. "भावोजी, मलाही धूसर दिसतंय की!"

"बस खुर्चीत!" काका म्हणाले. त्याचाही नंबर कॅमेऱ्यातून निघाला, त्यालाही चष्मा मिळाला. चार दिवस दोघं घरात नव्या चष्म्यांनिशी स्टुलांना अडखळत आणि एकमेकांना धडकत फिरत होते. मेहुणा तर काकांनाच "सॉरी, ताई" म्हणे.

काकूंनी आधी हसून घेतलं, मग त्यांचा धीर सुटला. डोळ्यांवर ज्याचं घर चालतं, त्याचेच डोळे गेले तर? पाचव्या दिवशी दुपारी काका खिडकीशी कॅमेरा घेऊन खटपट करत असताना त्या सरळ समोरच्या स्टुलावर येऊन बसल्या.

"अहो, खरं सांगा. मी तरी दिसते ना?"

काकांनी कॅमेऱ्यातून पाहिलं. बाहेरचं ऊन काकूंच्या केसांत शिरलं होतं आणि खिडकी, भिंत, पडदा सगळं त्यांच्याभोवती मंद गरगरत होतं.

"दिसतेस," काका हलकेच म्हणाले. "पण कडेकडेने विरघळतेस."

आणि त्यांच्या बोटाखाली बटण दाबलं गेलं.

काकू उठल्या. "पुरे झालं! आधी ही लेन्स परत करा, मग डॉक्टरकडे चला. ही आल्यापासून घरात दोन आंधळे झालेत."

तिघंही मास्तरांकडे गेले. मास्तरांनी लेन्स उजेडात धरून उलटसुलट पाहिली. "ही मधली काच कुणी उलटी केली?"

"उलटी होती, मी सुलटी केली," काका अभिमानाने म्हणाले. "फुगीर बाजू बाहेर!"

मास्तरांनी काकांच्या नाकावरच्या चष्म्याकडे बोट केलं. "अहो, कॅमेऱ्याला नाक आहे का कान? तो कशाला चष्मा लावेल! त्याच्या आतल्या काचा तशाच असतात."

"म्हणजे यांचे डोळे शाबूत आहेत?" काकूंनी विचारलं, आणि हसता हसता त्यांना रडूच फुटलं. मेहुण्याने गुपचूप चष्मा काढून खिशात टाकला.

मास्तर कॅमेऱ्यातला तो एकुलता एक फोटो बघत होते. "काच मी पाच मिनिटांत सरळ करून देतो," ते शेवटी म्हणाले. "पण मग असा फोटो पुन्हा नाही निघायचा."

काकांनी काच सरळ करून घेतली नाही.

ठरल्या दिवशी मोठा करून घेतलेला फोटो सासुरवाडीसमोर आला. उन्हात विरघळलेली खिडकी आणि स्वप्नातून नुकत्याच बाहेर येत असाव्यात अशा काकू! मग सासूबाईंनी फोटो जवळ धरला, लांब धरला.

"जावईबापू, फोटो झकास आहे. पण हिचे डोळे उघडे आहेत की मिटलेले?"

फोटो हातोहात फिरला. निम्मे म्हणाले उघडे, निम्मे म्हणाले मिटलेले. मेहुण्याने खिशातला चष्मा लावून पाहिला, तरी कळेना. काकांचा चेहरा उतरला. पंचवीस वर्षांत एक काम धड व्हायचं होतं!

"उघडे आहेत," काकू म्हणाल्या. "मला नाही तर कुणाला माहीत? मी यांच्याकडेच बघत होते."

फोटो आता दुकानात लागलाय, तक्त्याच्या शेजारी. काकूंनीच लावायला सांगितला, आणि आता कुणी कॅमेरा काढला की त्या आत जात नाहीत. पंचाईत एवढीच, की येणारं प्रत्येक गिऱ्हाईक फोटोकडे बघून डोळे चोळतं आणि घाबरंघुबरं होऊन खुर्चीत बसतं. शेवटी काकूंनी मास्तरांसारखीच एक चिठ्ठी फोटोखाली चिकटवली: 'तुमचा नंबर वाढलेला नाही. फोटोच असा आहे. डोळे उघडे आहेत.'