उष्टावणवाले मामा

हातातलं पुस्तक पुढं करून मामा विचारतात, "हे वाचलंयस?" तुम्ही 'हो' म्हणालात, तर बाहेर जेवून आलेल्या पाहुण्याकडं बघावं तसं ते तुमच्याकडं बघतात आणि पुस्तक काखेत मारून निघून जातात. 'नाही' म्हणालात, तर चक्क हात जोडतात. "भाग्यवान हायस रे! तुझं अजून व्हायचंय!"

महाडला आलो त्या पहिल्याच दिवशी मला हा नमस्कार मिळाला. मी परभणीकडचा. औद्योगिक वसाहतीत एका औषधाच्या कंपनीत पॅकिंगला लागलो होतो आणि राहायला खोली शोधत होतो. मामांच्या घरामागची खोली रिकामी आहे असं कळलं. माणूस निवृत्त मास्तर आहे हेही कळलं. मास्तर म्हटलं की मला अजूनही घाम फुटतो.

त्यांनी ना डिपॉझिटचं विचारलं, ना गावाचं. विचारलं ते एकच, "काय काय वाचलंयस?"

खोली गेली असं धरूनच मी खरं सांगितलं. आठवीत शाळा सुटली. वाचले ते धडे, तेही परीक्षेपुरते. गोष्टीचं असं पुस्तक हातात धरलेलं नाही.

मामा उठून उभे राहिले. आत तोंड करून ओरडले, "अगो, हिकडं ये! बघ कोण आलाय! ह्यानं काहीच वाचलेलं नाय!"

मामी पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. मला खालून वर बघितलं. "मग काय, ओवाळू त्याला?"

खोली मिळाली. शाळा सुटलेल्या माणसाकडं दयेनं बघणारे मी पुष्कळ पाहिले होते. हेव्यानं बघणारे मामा पहिलेच.

त्यांचं म्हणणं असं, की पुस्तक पहिल्यांदा वाचणं म्हणजे उष्टावण. लेकराच्या तोंडाला पहिला घास लागतो ना, तसं. तो घास मामानं भरवायचा, आणि तो एकदाच. पुढं जन्मभर जेवा, ते जेवण झालं, उष्टावण नव्हे. "मी आता नुसता जेवतो रे," ते म्हणायचे. "चांगलं जेवतो. पण उष्टावण संपलं माझं. म्हणून आता मामा झालो. दुसऱ्याला भरवतो." त्यांच्यामागं सगळी आळी त्यांना 'उष्टावणवाले मामा' म्हणते. ते त्यांना ठाऊक आहे आणि आवडतंही.

आवडीची पुस्तकं विसरता यावीत म्हणून त्यांनी केलेले प्रयत्न मामींच्या तोंडून ऐकावेत. एकदा माळ्यावर चढताना तुळई कपाळावर बसली. मामी हळद घेऊन धावल्या, तर हे म्हणतात, "हळद राहूदे, आधी पुस्तक दे." पुस्तक उघडलं. पहिलं वाक्य वाचलं. डोळे मिटले. दुसरं वाक्य आपोआप आठवलं. "श्या!" म्हणाले, "कपाळ फुकट फुटलं."

मी औषधाच्या कंपनीत आहे म्हटल्यावर मलाही बाजूला घेऊन विचारलं होतं, "तुमच्याकडं विसरायची गोळी नाय बनत?"

"आमच्याकडं अंगदुखीची बनते, मामा."

"ती काय करायची? अंगात अजून दुखतंय कुठं!"

दुसरं म्हणजे शेवट. शेवट सांगणारा माणूस त्यांच्या लेखी चोराहून वाईट. चोर निदान वस्तू स्वतःला नेतो. हा कुणालाच ठेवत नाही. हे व्रत त्यांच्या अंगात इतकं मुरलंय, की रस्ता विचारणाऱ्यालाही ते "पुढं जा, कळेल" म्हणतात. एकदा दवाखान्यात कुणाला तरी बघून आले. मामींनी विचारलं, "कसं हाय त्यांचं?" मामा चप्पल काढत म्हणाले, "सांगत नाय. जाऊन बघ."

पुस्तकं माळ्यावर, निळ्या प्लास्टिकच्या पिंपांत. महाडात पाणी शिरतं, ते काही नवीन नाही. इथल्या माणसाला घर दाखवायला सांगा, तो भिंतीवर कुठवर पाणी आलं होतं ते आधी दाखवतो. मामांची झाकणं घट्ट, पिंपं कोरडी. "पाणी आलं तर तरंगतील," असा त्यांचा हिशेब. "आणि आपण?" असं मामी विचारतात. मामा झाकण आणखी आवळतात.

सुट्टीच्या दिवशी मामा एक पुस्तक काढायचे, मला ओटीवर बसवायचे आणि कोऱ्या चहाचा पेला घेऊन स्वतः समोर बसायचे. माझं तोंड बघत. मी ओळीखाली बोट धरून वाचतो, ओठ हलतात. लाज वाटून मी बोट काढलं, तर खेकसले, "ठेव ते! बोट ठेवून वाचणारा पळत नाय." माझ्या भुवया वर गेल्या की त्यांच्या वर जायच्या. मी थांबलो की त्यांचा पेला हवेत थांबायचा. "विहिरीपाशी आलास ना?" कसं कळायचं, देव जाणे. मी तोंड उघडलं की, "सांगू नको! नुसता वाच!" सुरुवातीला वाटायचं, आपण चुकीच्या जागी हसलो तर खोली जाईल. पुढं पुढं विसरून जायचो, की समोर कुणी बसलंय.

एका पिंपाच्या तोंडाशीच एक पुस्तक वेगळं, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेलं असायचं. ते कधी बाहेर आलं नाही. मी विचारलं, तर म्हणाले, "ते नको. त्याचं वाटोळं झालंय. पोलादपूरकरांनी केलं."

पोलादपूरकर म्हणजे त्यांचे सख्खे थोरले भाऊ, दादा. मामांचं पोलादपूरला जाणं-येणं होतं. गणपतीला जायचे, पाया पडायचे, वहिनीशी बोलायचे, पोरांना खाऊ द्यायचे. फक्त दादांशी थेट बोलायचे नाहीत. शेजारी पाटावर बसून सांगायचे, "त्यांना म्हणावं, आमटीला मीठ जास्त पडलंय." दादा म्हणायचे, "त्यांना म्हणावं, मग कमी खा." असं सगळं आयुष्य.

कारण मामींनी सांगितलं. मामा शाळकरी असताना दादा घाटाच्या रस्त्यावर खडी फोडायला जायचे. त्यांच्या मजुरीवर मामा महाडला शिकत होते. मामा परीक्षेत पहिले आले, तेव्हा दादांनी महाडच्या बाजारातून हे पुस्तक विकत घेतलं, एस.टी.नं पोलादपूरला नेलं, आणि सुट्टीला घरी आलेल्या भावाच्या हातात देतादेताच म्हणाले, "मी वाटेत वाचलं. झकास हाय." आणि शेवट सांगून टाकला.

"पुढं ह्यांनी शेवटचं प्रकरण वाचलंच नाय," मामी म्हणाल्या. "उष्टं झालं म्हणे. आता भावजींना दम लागतो, उंबऱ्याबाहेर पडत नायत. मी म्हणते, एकदा बोला त्यांच्याशी. नंतर कुणाशी अबोला धरणार?"

मामा ओटीवर होते. ऐकू गेलं असणार. पुढच्या सुट्टीला त्यांनी ते पुस्तक माझ्या हातात ठेवलं. "माझं तर गेलंच. तू तरी कोरा वाच."

सुरुवात सांगायला मामांची हरकत नसते, म्हणून सांगतो. घाटाच्या वळणावर एक चौकीदार राहतो. त्याचा धाकटा भाऊ भांडून निघून गेलाय. म्हातारा रोज अंधार पडला की कंदील घेऊन वळणावर उभा राहतो. पुस्तकाच्या वेष्टणावर तेच चित्र आहे : वळण, कंदील आणि एकटा म्हातारा. पुस्तक चांगलं जाड. मला तीन-चार सुट्ट्या लागल्या.

शेवटचं प्रकरण आलं त्या दिवशी मामांनी माझ्या मांडीवर टॉवेल आणून ठेवला. "लागेल," म्हणाले. मामीही दारात येऊन बसल्या. मी वाचू लागलो. मामा पुढं वाकले. मी शेवटचं पान उलटलं, शेवटच्या ओळीपर्यंत बोट नेलं, आणि मला हसू आलं. मोठं नाही. आपलं माणूस गर्दीत दिसल्यावर येतं तसं.

मामांचा पेला पायरीवर आपटला. "हसलास?"

मी घाबरलो. "चुकलो का, मामा?"

"चुकायचं काय त्यात! शेवटी हसलास तू?"

"हो, पण... सांगू का?"

"सांगू नको!" ते ओरडले. मग माझ्या मांडीवरचा टॉवेल ओढून घेतला. "दादा तर म्हणाला व्हता, भाऊ येतच नाय. म्हातारा कंदील धरूनच मरतो."

मी खाली मान घातली. काही बोललो असतो तर शेवट सांगितल्यासारखं झालं असतं, आणि न बोलूनही सांगितल्यासारखंच झालं.

मामांनी पुस्तक घेतलं. उघडलं नाही. वेष्टणावरच्या चित्रावर बोट ठेवलं. वळणावर, कंदिलावर, म्हाताऱ्यावर. मग पुस्तकाची जाडी चिमटीत धरून बघितली.

"महाड ते पोलादपूर," ते हळू म्हणाले. "पाऊण तासाच्या वाटेत हे कोण वाचून काढील? मी मास्तर झालो, पोरांना गणितं घातली आणि हा हिशेब केला नाय." थोड्या वेळानं म्हणाले, "स्टँडवर दादा मला पुढं करायचा. 'बघ रे बाळू, पाटीवर काय लिवलंय.' मला वाटायचं, मला शिकवतोय."

मामी पदराशी चाळा करत होत्या. "जाऊबाई बोलल्या व्हत्या मला. लग्न झाल्याझाल्याच. भावजींना अक्षर येत नाय, पण घरात कुणाला ठाऊक नाय. बाहेर काढू नको म्हणाल्या."

"तुला ठाऊक व्हतं? मग सांगितलं का नाय गो?"

"कसं सांगणार?" मामी म्हणाल्या. "शेवट सांगितलेला तुम्हाला खपतो का?"

पुढच्या रविवारी मामा पोलादपूरला निघाले. मला बरोबर घेतलं. पिशवीत ते पुस्तक. गाडीत ती मांडीवरून हलवली नाही. मला उगाच भीती, की हे आता नातवंडांसमोर म्हाताऱ्याला उघडं पाडणार. मास्तर शेवटी मास्तरच.

दादा अंगणात खुर्चीवर होते. हाडं मोठी, श्वास तोकडा. मांडीवर वर्तमानपत्र, चांगलं घडी घालून ठेवलेलं. नातवंडं आसपास. मामा समोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "दादा, कसा हायस?"

आतून वहिनी बाहेर आल्या. दादा इकडंतिकडं बघू लागले; मध्ये निरोप न्यायला कुणी नव्हतं. मग म्हणाले, "बाळू... बस ना रे."

"बसतो. ह्या पुस्तकाचा शेवट मला नीट लागत नाय. म्हटलं, ज्यानं आधी वाचलंय त्याच्यासमोर वाचावं."

दादांचा हात वर्तमानपत्रावर घट्ट झाला. "माझा चष्म्याचा नंबर वाढलाय. मला काय आता ते..."

"तू कशाला वाचतोस? मी वाचतो. तू फक्त बरोबर चाललंय का बघ."

मामा शेवटचं प्रकरण वाचू लागले. मास्तरकीचा आवाज, नातवंडंसुद्धा गप्प बसली. घाट, पाऊस, वळण. मी बाजूला बसून पुस्तकात बघत होतो, माझं नुकतंच वाचून झालेलं. शेवटचं पान तेवढं उलटायचं राहिलं आणि मामा थांबले. पान उलटलं नाही. मान पुस्तकावरच झुकलेली, पण डोळे मिटलेले. आणि वाचताहेत त्याच आवाजात म्हणाले, "भाऊ काही आला नाही. पहाटे लोकांनी पाहिलं, तर म्हातारा वळणावर बसूनच गेला होता. हातातला कंदील मात्र जळत होता."

असं त्या पुस्तकात कुठंही नाही.

दादांनी मांडीवर थाप मारली. खोकला आला, तरी हसत होते. "काय सांगितलं व्हतं मी? पोरांनू, ऐकलंत? हा तुमचा शिकलेला आजा जन्मभर रुसला माझ्यावर! आता बोल की!"

"खरं हाय दादा," मामा म्हणाले. "तू म्हणाला व्हतास तसंच हाय."

वहिनी पदर डोळ्यांना लावत आत गेल्या, त्या चहा घेऊन आल्या. मग जेवण झालं. आमटीत मीठ जास्त होतं. मामांनी ते दादांना थेट सांगितलं.

परतीच्या गाडीत मी धीर केला. "मामा, शेवटचं पान तुम्ही वाचलंच नाही."

"नाय."

"आता वाचा की. कोरं आहे तुमचं. जन्मभर हेच मागत होता ना?"

त्यांनी पिशवीला गाठ मारली. मग तीच सोडून पुन्हा नीट मारली. "दादा हाय तवर दादाचाच शेवट."

गाडी महाडच्या दिशेनं उतरत होती. मामा खिडकीला डोकं टेकून बसले होते. झोपले असं वाटलं, तेवढ्यात डोळे न उघडता म्हणाले,

"तू हसला व्हतास ना रे शेवटी?"

"हो, मामा."

"मग झालं."