श्रियाची चौकशी

"माणूस जिन्यात असतानाच मी ओळखतो, कशाला आलाय ते!" असं कोपरचे अण्णा गोगटे जाता-येता सांगत. ठाण्याच्या एका सरकारी कचेरीत खिडकीमागे तीस वर्षं काढलेली, त्यामुळे त्यांना अडवायची कुणाची टाप नव्हती.

लेक श्रिया बीएस्सी झालेली. परीक्षा, मुलाखत, मेडिकल सगळं पार करून तिची अणुवीज केंद्रात प्रशिक्षणार्थी म्हणून निवड झाली होती. दीड वर्ष शिकायचं, तेही विद्यावेतन घेऊन, आणि मग तिथेच नोकरी! उरली होती फक्त पोलीस पडताळणी. तीत काही खोट निघाली, की दोन वर्षांची मेहनत पाण्यात. नेमकं त्याच आठवड्यात अण्णांच्या बायकोने, हेमाताईंनी, लेकीचं नाव वधूवर मंडळातही घातलं होतं.

शनिवारी सकाळी बेल वाजली. दारात इस्त्रीचा शर्ट, काखेत फाइल.

"श्रिया गोगटेंची जरा चौकशी करायची होती."

मुलाचा मामा! अण्णांनी ओळखलंच. हेमाताईंनी पोह्यांची कढई चढवली.

"मुलगी स्वभावाने कशी?"

"मनमोकळी! पोटात काही म्हणून ठेवत नाही. कॉलेजात झालेलं संध्याकाळी अख्ख्या बिल्डिंगला ठाऊक!"

पाहुण्याचं पेन थबकलं. "परदेशात कोणी नातेवाईक?"

"अर्धं खानदान!" खरं तर पुतण्या मुकुल तेवढा मस्कतला होता, पण स्थळासमोर हात कशाला आखडायचा?

"आणि ही नोकरी?"

"हौस हो! तुम्ही म्हणाल त्या दिवशी सोडेल!"

"बरं. दोन शेजाऱ्यांच्या सह्या लागतील."

"आजच?" अण्णा हरखले. "अहो, आधी मुलाचा फोटो तरी दाखवा!"

"कुठला मुलगा? मी पोलीस स्टेशनातून आलोय!"

आतून धावत आलेल्या श्रियाचे डोळे भरून आले. "अण्णा, काय करून बसलात हे!"

हवालदारसाहेब मात्र हसत सुटले. "रडू नका, ताई. खालच्या विमलाबाईंनी सगळं नीट सांगितलंय. आणि बापाने केलेली जाहिरात आम्ही लिहून घेत नाही. फक्त परदेशातले नातेवाईक तेवढे मोजून सांगा, काका."

"एकच," अण्णा पुटपुटले.

महिन्याभरात रुजू व्हायचं पत्र आलं! हेमाताईंनी ते देवापुढे ठेवलं आणि अण्णा सगळ्यांदेखत रडले. छातीवरचा धोंडा उतरला होता.

पुढच्याच रविवारी पुन्हा बेल. पुन्हा इस्त्रीचा शर्ट. "श्रियाबद्दल विचारायला आलोय."

या खेपेला अण्णा फसणार नव्हते! त्यांनी आधार कार्ड, शाळेचा दाखला टेबलावर मांडला, दोन शेजारी सहीसाठी बोलावून घेतले आणि ठणकावून सांगितलं, "मुलीवर एकही गुन्हा नाही! वाटल्यास पोलिसांना विचारा, नुकतेच घरी येऊन गेलेत!"

पाहुण्याने पोह्यांची बशी तशीच खाली ठेवली आणि दोन-दोन पायऱ्या उतरत तो रस्त्याला लागला. हेमाताईंनी कपाळावर हात मारला. "अहो, मुलाचे काका होते ते!"

बॅग भरता भरता श्रियाने आतून डोकं बाहेर काढलं.

"थँक यू हं, अण्णा!"