कंस निर्मूलन

सडक अर्जुनीजवळच्या अन्नदीप धान संघाचे नोंदणी पोर्टल उघडताना पहिला अर्धा सेकंद नावाच्या जागी महिरपी कंसात ‘शेतकरी.नाव’ अशी अक्षरे चमकत आणि मग खरे नाव येई. त्याने कोणाचे काही बिघडत नव्हते. परंतु उद्घाटनाच्या दिवशी ‘अध्यक्ष.नाव’ चमकले, आणि अध्यक्षांनी ते वाचले.

“मी कंसात काऊन आहो?” त्यांनी विचारले.

व्यवस्थापक केशोराव यांनी त्याच दुपारी कंस निर्मूलन समिती नेमली. पोर्टल बनवणारी दुर्गेश्वरी म्हणाली, “सर, माहिती येईपर्यंत पान झाकून ठेवायचं. एका ओळीचं काम आहे.”

“एका ओळीसाठी समिती नेमली, असं इतिवृत्तात लिहू का?”

काम वाढवण्यात आले. संपूर्ण माहिती आल्याशिवाय पान दिसू नये, असे ठरले. संपूर्ण म्हणजे नाव, सातबारा आणि अध्यक्षांचा शुभसंदेश. शुभसंदेश अद्याप लिहिला गेला नव्हता. पोर्टल पांढरे झाले आणि पांढरेच राहिले. समितीने कंस शंभर टक्के नष्ट झाल्याचे कळवले व एकमेकांना शाली दिल्या.

हमीभावाच्या नोंदणीच्या शेवटच्या दिवशी देवकाबाई सकाळपासून रांगेत होत्या. आज नाव चढले नाही, तर धान व्यापारी सांगेल त्या भावात जाणार होते.

“काहीच दिसून नाही राहिलं जी,” त्या म्हणाल्या.

“कंस दिसून राहिला का?” केशोरावांनी विचारले.

“नाही.”

“मग झालं तर.”

केशोराव जेवायला गेले, तशा देवकाबाई दुर्गेश्वरीकडे वळल्या. “बाई, मले ते कंसवालंच दाखव. त्याच्या मागून माझं नाव तरी येत होतं.”

दुर्गेश्वरीने पानावरचे झाकण काढले. कंस चमकले, मागोमाग नाव आले. देवकाबाईंसह एकेचाळीस जणांची नोंदणी झाली. बेचाळिसाव्याला केशोराव ढेकर देत परतले. झाकण पुन्हा बसले, आणि दुर्गेश्वरीला ‘कंसांचे पुनरुज्जीवन’ केल्याबद्दल नोटीस मिळाली.

मग उरलेल्या रांगेत समाधान-पत्रक फिरले. तेही पोर्टलवरूनच छापलेले, त्यामुळे वरपासून खालपर्यंत कोरे. एकशे बारा जणांनी त्यावर सही केली. पुढच्याने केली होती, म्हणून.

हसू नका. ‘मला सर्व अटी मान्य आहेत’ या चौकटीवर टिचकी मारताना तुम्ही शेवटचे काय वाचले होते?