सासऱ्यांच्या गाडीला कंठ फुटला

मार्गासनीच्या फाट्यावर मानसिंगचं विहिरीच्या मोटारींचं दुकान आहे. आसपासच्या वाड्यावस्त्यांवर एकही मोटार अशी नाही, जी मानसिंगने खोलली नाही. त्यातल्या बऱ्याच त्याने परत जोडल्यासुद्धा! त्यामुळे विहिरीची मोटार आणि मोटारगाडी यांत फरक काय तो चाकांचा, अशी त्याची पक्की समजूत होती.

"आगं, विहिरीत पाइपाच्या तोंडाला फूटव्हॉल्व्ह असतो, तसा गाडीत एअर फिल्टर," तो बायकोला, म्हणजे नूतनला, समजावत होता. "तितनं पानी, हितनं हवा. जुना डबा काढायचा, नवा फिल्टर लावायचा. कापायचं न्हाई, भोक पाडायचं न्हाई. मामा यायच्या आदी जुना डबा परत जाग्यावर! होतं तसं करता येतं!"

"मग लावायचाच कशाला?" नूतनने विचारलं.

उत्तर म्हणून मानसिंगने पाना उचलला.

मामा म्हणजे नूतनचे वडील, भाटघरचे सर्जेराव. उभी हयात त्यांनी घाटातून एसटी चालवली आणि निवृत्तीनंतर एक पांढरी गाडी घेतली. गाडी इतकी जपायचे की सीटवरची प्लास्टिकची पिशवी वर्षभर काढली नव्हती. महिन्यापूर्वी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी थोरल्या मुलाकडे पुण्याला जाताना ते गाडी मानसिंगच्या दारात लावून गेले होते. जाताना म्हणाले होते, "पाव्हणं, आता गाडी चालवनं बास झालं. परत आलो की बगू. जशी ठिवली तशी घावली, तर कागदं तुमच्या नावावर करतो!"

त्या दिवसापासून मानसिंगला झोप नव्हती. इतकी वर्षं तो मोपेडवर पाइप वाहून नेत होता. मागे नूतन बसायची आणि पाइप भाल्यासारखा उभा धरायची. तशाच अवतारात दोघं एका लग्नाला गेली होती. आता मात्र गाडी दारात होती आणि नूतनने शिवणाच्या मशिनवर सीटची कव्हरंसुद्धा शिवायला घेतली होती, निळी, त्यावर पिवळी फुलं. गाडी मिळण्यात फक्त एकच अट आडवी होती, ती म्हणजे काहीही न करण्याची. नेमकं तेच मानसिंगला जमण्यासारखं नव्हतं!

त्याचं असं झालं, की दर रविवारी पुण्याची पोरं राजगड चढायला पायथ्याच्या पालीला निघायची. त्यांच्या गाड्या दुकानासमोरून वाघ मागे लागल्यासारख्या गुरगुरत जायच्या. मामांची गाडी मात्र चालू आहे की बंद, ते बोनेटला हात लावून बघावं लागायचं. मग मोबाईलवर एक व्हिडिओ सापडला, मग दुसरा, आणि मग एक दिवस कुरिअरवाला खोकं घेऊन दारात उभा राहिला. खोक्यात चकचकीत पाइप होता आणि त्याच्या टोकाला लालभडक, निमुळता, उघडा फिल्टर.

काम खरंच सोपं निघालं. जुना काळा डबा क्लिपा सोडून, बोल्ट काढून बाहेर आला. त्याचं झाकण, त्यातली कागदी जाळी आणि खालचा खोलगट भाग असं सगळं मानसिंगने गोठ्याशेजारच्या फळीवर नीट ठेवलं. नवा पाइप बसवला, क्लिपा आवळल्या आणि चावी फिरवून पाय दाबला.

"हूऽऽऽम्फ!"

गोठ्यातली म्हैस उभी राहिली. तिची धार काढायला बसलेली मानसिंगची आई, धोंडाबाई, बादलीसकट मागे सरकली.

"काय रं झालं त्या गाडीला? दमा लागला व्हय?"

"दमा न्हाई आई, पावर हाय पावर!"

मानसिंग गाडी घेऊन वेल्ह्याच्या रस्त्याला लागला. काय तो रुबाब! पाय दाबला की गाडी हुंकार भरायची. पुढे चाललेल्या ट्रॅक्टरवाल्याने एसटी आली समजून ट्रॅक्टर शेतात घातला. फाट्यावर रिकामपणी बसणाऱ्या चिमाजी अण्णांनी तर हात करून गाडी थांबवली आणि खिशातून तारेचा तुकडा काढून दिला.

"सायलेन्सर तुटलाय तुजा. बांद ह्यानं, न्हाईतर वाटंत पडंल!"

"आण्णा, सायलेन्सर न्हाई, एअर फिल्टर हाय. मुद्दाम लावलाय."

"मुद्दाम?" अण्णांनी मानसिंगकडे फार काळजीने पाहिलं. तो गेल्यावर त्यांनी लगेच सर्जेरावांना फोन लावला. बातमी तीनदा सांगावी लागली आणि प्रत्येक वेळी आवाज चढवावा लागला, त्यामुळे सर्जेरावांच्या आधी ती फाट्यावरच्या सगळ्या दुकानांना कळली.

दुपारी मानसिंगचा फोन वाजला.

"पाव्हणंऽऽ!" मामा फोनवर इतक्या जोरात बोलायचे की मोबाईल हातभर लांब धरला तरी चालायचं. "गाडीला काय झालंयऽऽ? उद्याच्या पयल्या गाडीनं येतोऽऽ!"

मामांच्या कानाबद्दल भाटघरात दंतकथा होत्या. भोरच्या स्टँडवर चहा पिता पिता, घाटातून उतरणाऱ्या गाडीचा कुठला नट ढिला झालाय ते सांगायचे म्हणे! या माणसापुढे तो हुंकार लपणार कसा? पण लगेच त्याला आपलं आवडतं वाक्य आठवलं.

"घाबरू नगं," तो नूतनला म्हणाला, खरंतर ती मुळीच घाबरली नव्हती. "होतं तसं करता येतं!"

तो गोठ्याशेजारी गेला. फळी रिकामी होती.

"आई! हितला डबा कुठाय?"

"कंचा? ती काळी पाटी व्हय? ही काय हितं!" धोंडाबाईंनी कोपऱ्याकडे बोट केलं.

कोपऱ्यात एअर फिल्टरचा डबा होता. डब्यात भाताचा पेंढा होता. पेंढ्यावर अंडी होती आणि अंड्यांवर पिसं फुलवून, डोळे अर्धे मिटून, घरातली तांबडी कोंबडी बसली होती. शेजारी डब्याचं झाकण उलटं ठेवून त्यात तिच्यासाठी पाणी भरलं होतं.

"आन् ती जाळी?" मानसिंगचा आवाज चिरकला.

"ती पेंढ्याखाली घातलीया. ऊब धरती चांगली. कवाची खुडूक बसली हुती, म्हनलं बसवावी अंड्यावर. कशी मापात बसलीया बग! येवडी चांगली पाटी टाकून दिलीस व्हय रं?"

"टाकली न्हवती! ठिवली हुती!"

मानसिंगने हात पुढे केला. कोंबडीने डोळा उघडला आणि अशी चोच मारली की मानसिंग थेट म्हशीच्या पायाशी जाऊन बसला. मग त्याने पंपाचं पुठ्ठ्याचं खोकं आणलं, त्यात नवा पेंढा घातला, हाताला गोणपाट गुंडाळून कोंबडीला उचललं आणि खोक्यात ठेवलं. कोंबडी उठली. अंगणात एक चक्कर मारली, सगळ्या गावाला ओरडून काय झालं ते सांगितलं आणि परत येऊन डब्यात बसली.

"पुन्हा हात लावलास तर बग!" धोंडाबाई कडाडल्या. "अंडी गार पडली की संपलं! आन् अंडी कुनाची हायेत ठावं हाय का? भाटघरची! तुज्या सासऱ्यानं पुन्याहून निरोप धाडून परवाच मुद्दाम पाठवाय लावली हुती, त्येंच्या कोंबडीची. त्येनी इचारलं, पिल्लं कुठायत, तर काय सांगशील?"

डबा काढला तर सासऱ्यांची पिल्लं जाणार, नाही काढला तर सासऱ्यांची गाडी! निळ्या कव्हरांवरची पिवळी फुलं मानसिंगच्या डोळ्यांपुढे फिरू लागली आणि त्याला खरोखर रडू यायला लागलं.

पण मोटारवाला माणूस असा हार मानत नाही. त्याने तेलाचा रिकामा प्लास्टिकचा कॅन कापला, त्याला तव्यामागची काजळी फासली आणि नव्या फिल्टरवर उपडा घातला. लांबून बघितलं तर अगदी जुना डबा! फक्त आवाज तेवढा बदलला. आधी गाडी हुंकार भरायची, आता शीळ घालू लागली. मग शीळ बंद करायला त्याने कॅनच्या आत धोंडाबाईंची जुनी गोधडी कोंबली. गाडी एकदा खोकली, मागून काळा धूर सोडला आणि बंदच पडली.

"माजी गोधडी!" धोंडाबाई ओरडल्या.

"अवो, माज्या आप्पांना खरं सांगून टाका की," नूतन म्हणाली. "हल्ली त्ये तसंही..."

"तू गप! त्येंचा कान तुला म्हाईत न्हाई!"

"माजेच वडील हायेत त्ये," असं म्हणून नूतन सीटची कव्हरं शिवायला निघून गेली.

सकाळी सर्जेराव एसटीतून उतरले. पांढरा सदरा, डोळ्यांवर काळा चष्मा. ते रस्त्याच्या मधोमध उभे राहून पिशवी सावरत होते. मागून एसटीने हॉर्न दिला, पुन्हा दिला, पण मामा ढिम्म! शेवटी गाडी त्यांना वळसा घालून गेली. काय हा जुन्या ड्रायव्हरचा दरारा, असं वाटून मानसिंग पिशवी घ्यायला पळाला. गोधडी त्याने पहाटेच काढून टाकली होती. काजळीचा कॅन मात्र अजून जागेवर होता.

"मामा, आदी चा घ्या! मग पोहे! मग जरा पडा!"

"चावी आना," मामा म्हणाले.

मामा गाडीत बसले. शेजारी मानसिंग बसला, हात जोडून बसावं तसा. चावी फिरली, मामांनी पाय दाबला. शीळ घुमली, काजळीचा कॅन खडखडला आणि निखळून खाली पडला. मग तोच मोठा, उघडा, लपवता न येणारा हुंकार!

मानसिंगने डोळे मिटून घेतले.

मामांनी गिअर टाकला आणि गाडी पालीच्या रस्त्याला काढली. पहिला गिअर, दुसरा, तिसरा. चढ आला तशी गाडी दमदार घुमली आणि मामांनी नेमक्या वेळी गिअर उतरवला. मानसिंगने हळूच एक डोळा उघडला. काळ्या चष्म्याखालून मामांच्या गालावर पाणी ओघळत होतं.

"मामा, चुकलं माजं! होतं तसं करता येतं! फकस्त कोंबडी..."

"काय म्हंतायऽऽ?"

"होतं तसंऽऽ करताऽऽ येतंऽऽ!"

मामांनी गाडी कडेला घेतली.

"पाव्हणं, तुमास्नी म्हनून सांगतो, घरात बोलू नगा. डोळ्याचं निमित्त हुतं. कान गेलंत माजे. दोन वर्सं झाली, गाडीचा आवाजच येत न्हवता. गिअर कवा बदलायचा कळंना, चालू हाय का बंद पडलीया कळंना. मुकी झाली हुती गाडी. म्हनून म्हनलं, देऊन टाकावी तुमाला." त्यांनी स्टिअरिंगवरून हात फिरवला. "आज ऐकू आली! सगळी ऐकू आली! जावयानं सासऱ्यासाटी येवडं करावं! मनातलं वळखलं तुमी!"

मानसिंगला भरून आलं. सासरे आजवर त्याच्याशी इतक्या प्रेमाने बोलले नव्हते. त्याने मोठ्या मनाने मान खाली घातली आणि कागदपत्रांचा विषय निघण्याची वाट पाहू लागला.

"आता ही गाडी म्या कुनाला देत न्हाई!" मामा म्हणाले.

"आं?"

"जित्ता हाय तवर म्याच चालवनार!"

"मामा!" मानसिंग जिवाच्या आकांताने ओरडला. "पन होतं तसं करता येतंऽऽ! आत्ताच्या आत्ता करतोऽऽ! कोंबडी उठवतोऽऽ!"

"खबरदार हात लावाल तर!" मामांनी गिअर टाकला आणि गाडी हुंकार भरत घराकडे वळली.

संध्याकाळी मामा भाटघरला गेले, गाडी घेऊन. नूतनने वडिलांसाठी निळी कव्हरं स्वतःच्या हाताने चढवून दिली. गाडी दिसेनाशी झाली तरी आवाज बराच वेळ ऐकू येत होता. भोरात म्हणे, भाटघरहून मामा निघाले की स्टँडवर त्यांचा चहा टाकतात!

पिल्लं सगळी निघाली, तांबडी, गुटगुटीत. मानसिंग अजून मोपेडवरच पाइप वाहतो आणि नूतन मागे भाला धरून बसते. त्या गाडीतली एकच वस्तू त्याच्या मालकीची झाली, ती म्हणजे काळा डबा. तो धुऊनपुसून दुकानात ठेवायचा, असं त्याने ठरवलं होतं. पण तो गोठ्यात पोहोचेपर्यंत त्यात दुसरी कोंबडी बसली होती.