सारसांच्या संरक्षणाची मुनादी

ज्याचे रक्षण करायचे त्याला ते कळले नाही तरी चालते. ज्याच्यापासून करायचे त्याला मात्र कळलेच पाहिजे. या तत्त्वावर धर्मापुरीजवळच्या तळ्याचा बंदोबस्त निजामाच्या राज्यात फसली सन १३२२ मध्ये अत्यंत चोख झाला.

तळ्यात सारसांची एकच जोडी होती. आसपास दुसरी नव्हती. (असल्यास तिने वर्दी दिली नव्हती.) काठावर झोपडीत राहणारी चंद्रभागाबाई तळ्यातले पाणकणीस कापून चटया विणायची, तेच तिचे पोट. कापून ठेवलेल्या ढिगावर जोडीने दोन अंडी घातली. तिने तो ढीग तसाच सोडला.

मग कचेरीचा हुकूम आला.

कलम एक: तळ्यात कोणी उतरू नये.

कलम दोन: हुकूम ऐकला नाही अशी सबब राहू नये, म्हणून जागेवर रोज तीनदा डफडे वाजवून मुनादी व्हावी.

कलम तीन: (वाळवीने खाल्ले. अंमल चालू आहे.)

'जागेवर' म्हणजे कुठे, यावर कचेरीचे पेशकार राधाकिशन यांनी दोन दिवस विचार केला. गुन्हा होणार तो अंड्यांजवळ. सबब डफडेही अंड्यांजवळ. प्यादा इसाक गुडघाभर पाण्यात, घरट्यापासून दहा हातांवर उभा राहून वाजवू लागला. (कलम एक त्याला लागू नव्हते. तो कलम दोनमध्ये उभा होता.)

"इसाकभाई, पाखरू लई भेतंय. काहून बडवायलाव?"

"बंदी कळाया पायजे, मावशी."

"कुनाला? हितं मी एकलीच हाय."

"तुलाच तर."

"मला परवाच कळलं की!"

"तुला कळलं म्हनून हुकूम थांबत न्हाई."

चौथ्या दिवशी मादी उडाली. तिच्यामागे नर. अंडी कावळ्यांनी फोडली. (कावळ्यांनी मुनादी ऐकलेली होती, त्यामुळे त्यांना सबब नाही.)

अहवालात पेशकारांनी लिहिले:

शिकार: शून्य.
बेकायदा प्रवेश: शून्य.
पक्षी: स्वखुशीने रवाना.

एवढ्या बंदोबस्तातही पक्षी जातात, त्या अर्थी धोका फारच मोठा असला पाहिजे. काठावर शोध घेता एकच इसम आढळला. चंद्रभागाबाईची झोपडी हटवण्यात आली. "पाखरं परत आली की ये," असे इसाकने तिला सांगितले. मुनादी आजतागायत चालू आहे.

सारस कुठे गेले, असे आपण विचाराल. (मांजरा नदीच्या बाजूला, असा अंदाज.) चंद्रभागाबाई कुठे गेली, याची दफ्तरात नोंद नाही. तसे कुणी विचारलेही नव्हते. आपणही नाही.